वाहनाची वाचा
खंडेनवमीनिमित्त एका जुन्या ट्रकची कथा

नवरात्राच्या माळा पुऱ्या होत आल्या की आमच्या वाईत कृष्णाकाठच्या रस्त्यांवर झेंडूच्या राशी पडू लागतात. खंडेनवमीच्या सकाळी सुताराची करवत, शिंप्याचे यंत्र, शेतकऱ्याचा नांगर आणि कारकुनाची लेखणी यांच्या पंक्तीला सायकलीपासून ट्रकपर्यंत सारी वाहने धुऊन पुसून उभी केली जातात. हळदकुंकू वाहिले जाते, नारळ फुटतो, हार चढतो आणि पूजा झाली असे मानून आपण प्रसादाकडे वळतो. पण वाचकहो, ज्या आयुधाची आपण पूजा केली ते आपले काम करण्यास समर्थ आहे किंवा नाही, एवढे तरी आपण पाहिलेले असते काय?

हा प्रश्न आम्ही उगाच उपस्थित करीत नाही. विराटपर्वातील कथा सर्वांच्या परिचयाची आहे. अज्ञातवासात प्रवेश करण्यापूर्वी पांडवांनी आपली शस्त्रे नगराबाहेरील शमीच्या झाडावर बांधून ठेविली. वर्ष सरत आले, कौरवांनी विराटाच्या गाई वळविल्या आणि बृहन्नडेच्या वेषातील अर्जुनाने उत्तराला त्या झाडावर चढवून शस्त्रे खाली घेतली. पुढे काय झाले ते आम्ही कीर्तनातून शेकडो वेळा सांगितले असेल. अर्जुनाने धनुष्य हाती घेऊन त्यास प्रत्यंचा चढविली, तिचा टणत्कार केला आणि मग शंख फुंकला. तो नाद ऐकून रथातला उत्तर भेदरून गेला, तेव्हा त्यास धीर द्यावा लागला. वर्षभर पडून राहिलेले शस्त्र रणांगणावर नेण्यापूर्वी त्याचा आवाज ऐकून घ्यावा, हा या प्रसंगातील साधा बोध मात्र आमच्या ध्यानी यावयास साठी उलटावी लागली. तो आम्हांस कोणत्याही पोथीने शिकविला नाही. तो शिकविला एका जुन्या ट्रकच्या मुक्या हॉर्नने.

हा झाला पूर्वरंग. आता आख्यानाकडे वळू.

शिवडीहून आलेला पाहुणा

आमच्या आळीत एका वाड्याच्या मागील पडवीत 1951 सालचा शेव्हरोलेट ट्रक उभा असतो. वाड्याचे धनी आमच्याहून दहा वर्षांनी वडील. सारी आळी त्यांस अण्णा म्हणते, आम्हीही म्हणतो. त्यांच्या वडिलांनी हा ट्रक घेतला तो हळद आणि गूळ वाहण्यासाठी. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने 1928 साली मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला होता. सुटे भाग जहाजाने यावयाचे, आणि येथे त्यांची जोडणी होऊन गाडी रस्त्यावर उतरावयाची. पुढे 1953 साली सरकारचे धोरण बदलले. ज्या कंपन्या येथे केवळ जुळणी करतात आणि उत्पादनाची योजना आखीत नाहीत, त्यांनी गाशा गुंडाळावा असे ठरले, आणि 1954 मध्ये शिवडीचा तो कारखाना बंद पडला. त्याच वर्षी जमशेदपूरहून टाटांचा मर्सिडीज-बेंझ बनावटीचा ट्रक बाहेर पडू लागला. अण्णांचा ट्रक असा दोन युगांच्या सांध्यावरचा. त्याला माहेर उरले नाही. जो भाग झिजेल तो गावातच घडवून घ्यावयाचा, या परीने तो टिकून राहिला.

पसरणीचा घाट चढून पाचगणीकडे जाणाऱ्यास हॉर्नचे मोल सांगावे लागत नाही. एका अंगास डोंगर, दुसऱ्या अंगास दरी, आणि वळणाच्या पलीकडून काय येत आहे ते दिसण्याची सोय नाही. तेथे डोळ्यांचे काम कानांनी करावयाचे असते. अण्णांनी तरुणपणी त्या घाटात हा ट्रक वर्षानुवर्षे चालविला. प्रत्येक वळणावर उजव्या हाताचा तळवा चाकाच्या मध्यभागी असलेल्या बटणावर पडावा, अशी त्या हातास सवय जडली. आता ट्रक मालवाहतूक करीत नाही. वर्षातून एकदा नवरात्रात तो पडवीतून बाहेर येतो, धुतला जातो आणि खंडेनवमीस पूजेला बसतो.

तळवा पडला, पण…

काही वर्षांपूर्वी या ट्रकच्या हॉर्नला एक विचित्र व्याधी जडली. बटण दाबावे तर तो गप्प. आणि चाक डावीकडे वळविले की कोणी न विचारता ओरडू लागे. एका रात्री तर चाक नेमके त्याच जागी राहिले आणि मध्यरात्री हॉर्नने जो टाहो फोडला तो बॅटरी उतरेपर्यंत थांबला नाही. गाडीची किल्ली काढली तरी हॉर्नचा वीजमार्ग जिवंतच असतो, हे आम्हांस त्या रात्री कळले. दुसऱ्या दिवशी अण्णांच्या चिरंजीवांनी स्टीअरिंगच्या दांड्याकडे जाणारी तार सोडवून टाकली आणि डॅशबोर्डखाली डाव्या बाजूस एक वेगळे बटण बसविले. ते उत्तम चाले. सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

2024 सालच्या घटस्थापनेची सकाळ. अण्णा स्वतः ट्रक पडवीतून बाहेर काढीत होते आणि आम्ही देवळाकडे जाण्यासाठी पायरीवर उभे होतो. आमच्या आळीला नदीकडे उतार आहे. वाड्याच्या दिंडीतून ट्रकचे नाक बाहेर पडले आणि त्याच क्षणी शेजारची सहा वर्षांची मुलगी, माळेसाठी आणलेल्या कारळ्याच्या फुलांची टोपली कडेवर घेऊन, मागे पाहत पाहत समोर आली. अण्णांनी ब्रेक दाबला आणि त्यांचा तळवा चाकाच्या मध्यावर पडला. एकदा, दोनदा, तीनदा. आवाज आला नाही. आम्ही ओरडलो, तशी पोर दचकून मागे सरली. टोपली तिच्या हातून सुटून चाकाखाली गेली. फुले रस्ताभर पसरली. मुलीस ओरखडाही आला नाही, हे त्या जगदंबेचे देणे.

अण्णा बराच वेळ चाकाशी बसून होते. खाली उतरले तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. चिरंजीव म्हणाले, “अहो, खालचे बटण चालू होते ना? तेच दाबायचे होते.” अण्णांनी आमच्याकडे पाहिले आणि म्हणाले, “बुवा, नवे बटण दाबताना मला ते आठवावे लागते. जुने दाबताना आठवावे लागत नाही.”

संस्कार या शब्दावर आम्ही आजवर पुष्कळ निरूपण केले आहे. अनुभवाने चित्तावर उमटलेला आणि प्रसंग येताच आपोआप जागा होणारा ठसा, अशी त्याची व्याख्या आम्ही श्रोत्यांस सांगत आलो. पण संकटाच्या क्षणी माणूस विचाराने चालत नाही, संस्काराने चालतो, हे त्या सकाळी आम्ही उघड्या डोळ्यांनी पाहिले. हॉर्न वाजतो एवढे पुरेसे नाही. हात जेथे जाईल तेथून तो वाजला पाहिजे. अण्णांनी त्याच दिवशी निश्चय केला: दांड्याच्या आतील तार बदलून चाकावरचे बटण पूर्ववत् झाले तरच या वर्षी ट्रकला हार घालावयाचा, नाहीतर पडवीचे दार उघडावयाचे नाही. हाती आठ दिवस होते.

अन्वय आणि व्यतिरेक

गावातील वृद्ध मिस्त्रींना बोलावणे गेले. ते आपल्या नातवाला बरोबर घेऊन आले. आम्ही कुतूहलाने जवळ गेलो तेव्हा ते हसून म्हणाले, “बुवा, दुखणं साधं आहे. अर्थ लागत नाही, आणि नको तिथं लागतो.” गॅरेजच्या भाषेत अर्थ म्हणजे जमीन, गाडीचा लोखंडी सांगाडा. शब्दाला अर्थ लाभला नाही तर तो निष्फळ आणि भलता अर्थ लागला तर अनर्थ, हे आम्ही जन्मभर सांगत आलो. मिस्त्रींनी ते एका वाक्यात सांगून टाकले.

यातील मर्म असे. आम्हांस वाटे की बटण दाबले म्हणजे वीज बटणातून हॉर्नकडे धावत जाते. तसे नाही. या ट्रकमध्ये रिले नावाची एक छोटी डबी असते. बॅटरीची वीज तिच्यापर्यंत येऊन थांबलेली असते. डबीतून एक तार हॉर्नकडे जाते आणि दुसरी बारीक तार स्टीअरिंगच्या दांड्यातून वर बटणापर्यंत चढते. बटण दाबले की ती बारीक तार दांड्याच्या लोखंडास टेकते आणि तिला जमीन मिळते. त्याबरोबर रिलेतील चुंबक जागा होऊन मोठा मार्ग खुला करतो आणि हॉर्न वाजतो. हॉर्न ओढतो ती वीज बरीच. ती बारीक तारेतून आणि बटणातून नेली तर दोन्ही तापतील, म्हणून ही योजना. बटण काही निर्माण करीत नाही, ते केवळ अडसर दूर करते. पतंजलींनी योगसूत्रांत शेतकऱ्याचा दृष्टांत दिला आहे: तो पाणी निर्माण करीत नाही, बांध फोडतो, आणि पाणी स्वभावतःच पुढच्या वाफ्यात जाते. तद्वत् हे.

आता दोष शोधावयाचा. न्यायशास्त्रात कारण निश्चित करण्याची जी रीत सांगितली आहे तीच मिस्त्रींनी अवलंबिली. फक्त तिचे नाव त्यांस ठाऊक नव्हते. एक असता दुसरे असणे हा अन्वय, आणि एक नसता दुसरे नसणे हा व्यतिरेक. प्रथम त्यांनी रिलेच्या बटणाकडील टोकास तारेचा तुकडा लावून त्याचे दुसरे टोक गाडीच्या लोखंडास टेकविले. हॉर्न खणखणीत वाजला. तुकडा उचलला, हॉर्न थांबला. म्हणजे बॅटरी, रिले आणि हॉर्न ही तिन्ही निर्दोष ठरली. मग सोडवलेली तार पुन्हा जागेवर जोडून चाक सावकाश फिरविले. डावीकडे ठरावीक जागी येताच हॉर्न ओरडला. ती जागा सोडताच गप्प झाला. बटण दाबले, काही नाही. मिस्त्री म्हणाले, “वरचं टोक तुटलंय आणि खालचं कुठंतरी नळीला घासतंय. दोन्ही रोग एकाच तारेचे.” अर्धा तासही लागला नव्हता.

दांड्याच्या पोटात

यापुढील काम दोन दिवसांचे. ज्यांच्या घरी असे जुने वाहन आहे त्यांस उपयोग व्हावा म्हणून आम्ही ते क्रमाने सांगतो.

सर्वप्रथम बॅटरीचे जमिनीकडील टोक सोडविले. हॉर्नचा मार्ग सदैव जिवंत, म्हणून हे आधी. मग चाकाच्या मधली टोपी दाबून किंचित फिरविली तशी ती सुटून हाती आली. तिच्याखालची स्प्रिंग, वाटी आणि चकत्या नातवाने एका पांढऱ्या फडक्यावर उतरविल्या त्या क्रमानेच मांडल्या. उलट क्रमाने त्या परत चढावयाच्या. एक चकती चुकली तर बटण जन्माचे मुके, अथवा जन्माचे वाचाळ. त्यानंतर चाकाची मोठी नट. ती सैल करण्यापूर्वी चाक आणि दांडा या दोहोंवर एका रेषेत खूण केली, म्हणजे परत बसविताना चाक तिरपे बसत नाही. चाक निघेना तेव्हा चिरंजीवांनी हातोडा उचलला. मिस्त्रींनी त्यांचा हात धरला. दांड्यावर घाव घातला तर तो थेट खालच्या पेटीतील दात्यांना आणि बेअरिंगना बसतो. पुलर लावून, स्क्रू थोडा थोडा आवळीत, एकदा कट्ट आवाज होऊन चाक सुटले.

दांडा फिरतो आणि त्याच्या भोवतीची नळी स्थिर असते. फिरणाऱ्या दांड्यातील तारेला बाहेरची स्थिर तार कशी भेटावी? त्यासाठी दांड्यावर पितळेचे एक कडे बसविलेले असते, दांड्यापासून कागदी अस्तराने अलग ठेवलेले. त्या कड्याला डाख देऊन आतली तार जोडलेली, आणि बाहेरून नळीला असलेला एक ब्रश त्या कड्यावर टेकून राहतो. चाक कितीही फिरो, ब्रश कडे सोडीत नाही. मिस्त्रींनी तो ब्रश आधी काढून घेतला, मग खालची पकड आणि डॅशबोर्डजवळचा पट्टा सैल करून नळी वर ओढून काढली. गिअरचा दांडा या ट्रकला जमिनीवर आहे म्हणून काम सोपे झाले. ज्या वाहनांत तो स्टीअरिंगलाच असतो तेथे हा खटाटोप दुप्पट.

नळी निघाली आणि रोग दिसला. तारेवरील रबर वाळून त्याची माती झाली होती. कड्याजवळच्या डाखातून एक केसाएवढा तांब्याचा धागा सुटून बाहेर आला होता; चाक डावीकडे वळले की तो नळीला घासे आणि हॉर्न ओरडे. वरचे टोक बटणाखालीच तुटून दांड्याच्या पोकळीत खाली घसरले होते. मध्यरात्री आळीला उठविणारा तो राक्षस हा असा, केसाएवढा.

तार खाली घसरल्यामुळे तिच्या टोकाला नवी बांधून वर ओढण्याचा सोपा उपाय राहिला नाही. दांड्याच्या अरुंद पोकळीतून नवी तार ओवण्यासाठी ताठ पण लवचीक असे काहीतरी हवे होते. आम्ही घरी गेलो आणि आमच्या तंबोऱ्याची उतरवून ठेवलेली एक जुनी पोलादी तार घेऊन आलो. वरून सोडलेले तिचे टोक तिसऱ्या प्रयत्नात कड्याजवळच्या छिद्रातून बाहेर आले. त्याला नवी तार बांधून नातवाने हळूहळू वर ओढली. जी तार आमच्या पाठीशी बसून षड्ज धरीत होती, तिने निवृत्तीनंतर एवढी सेवा केली.

नवी तार निवडतानाही मिस्त्रींचा विवेक पाहण्यासारखा होता. एकच जाड तांब्याची तार वळून वळून तुटते, म्हणून अनेक बारीक धाग्यांची लवचीक तार. छिद्राची कड धारदार होती, ती बारीक कानशीने मऊ केली आणि तेथे तारेवर आणखी एक नळकांडे चढविले. कड्याखालचे अस्तर कुजले होते. मोटर वाइंडिंगवाल्याकडून फायबरचा कागद आणून नवे गुंडाळले. डाख देण्यासाठी आम्ल न वापरता राळ वापरली, कारण आम्ल मागे राहून तांबे खाते. आणि डाख दिला तो मिस्त्रींनी नव्हे. त्यांनी तापलेली डाखणी हातात घेतली, क्षणभर आपल्या कापणाऱ्या बोटांकडे पाहिले आणि ती नातवाच्या हाती दिली. “कथील घाईनं लावू नकोस. तांबं तापलं की कथील आपणहून पसरतं,” एवढेच म्हणाले. पोराने डाख दिला. मिस्त्रींनी त्यावरून नख फिरवून पाहिले, पुन्हा फिरविले, आणि मान डोलाविली.

सर्व परत बसविण्याआधी परीक्षा. छोटा दिवा आणि सुटी बॅटरी घेऊन तारेची दोन्ही टोके जोडली: दिवा लागला. मग तारेचे टोक आणि दांड्याचे लोखंड जोडले: दिवा लागला नाही. पुन्हा तोच अन्वय, तोच व्यतिरेक. नळी चढली, ब्रश बसला, खुणेला खूण जुळवून चाक बसले. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरविले. दिवा निमूट राहिला. मग फडक्यावरील चकत्या उलट क्रमाने चढल्या आणि शेवटी बॅटरीचे टोक जोडले गेले. तो दिवस अष्टमीचा होता.

नादाची मर्यादा

येथे एक शंका कोणी घेईल. ज्या रस्त्यांवर हॉर्नच्या कलकलाटाने माणसे बधिर झाली आहेत, तेथे हॉर्नची एवढी थोरवी गाण्याचे कारण काय? शंका रास्त आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत प्रत्येक वाहनास पुरेशी सूचना देणारा हॉर्न असावा असे म्हटले आहे. आणि तेथेच, निरनिराळे सूर काढणारा, कर्कश वा दचकविणारा हॉर्न असू नये असेही म्हटले आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या परिसरात शांतता राखण्याचे बंधन घातले आहे. असणे आणि आवरणे ही दोन्ही कर्तव्ये एकाच नियमात सांगितलेली आहेत.

कुरुक्षेत्रावर वीरांचे शंख वेगवेगळे होते आणि त्यांतील काहींना नावेही होती. दिवसभर शंख फुंकीत बसणारा योद्धा महाभारतात आम्हांस आढळला नाही. अण्णांच्या ट्रकचा हॉर्न वर्षातून चारदोनदाच वाजत असेल. पण ज्या एका क्षणी तो वाजावयास हवा त्या क्षणी तो मुका होता, आणि जेव्हा कोणास नको होता तेव्हा ओरडत होता. वाणीचे दोष हेच दोन. आम्हां बोलण्यावर पोट भरणाऱ्यांनी ते मनाशी तपासून पाहावेत.

खंडेनवमीची सकाळ

दुसऱ्या दिवशी ट्रक दिंडीबाहेर उभा राहिला. नातवाने टपावर झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. शेजारची ती पोर आईचा पदर धरून पायरीवर उभी होती. हळदकुंकू घेऊन अण्णांच्या सूनबाई पुढे झाल्या, तशी अण्णांनी त्यांस थांबविले. “आधी ऐकू दे,” म्हणाले.

ते चाकाशी बसले. खाली पाहिले नाही, आठवले नाही. समोर रस्त्याकडे पाहत तळवा मध्यावर ठेविला. जुन्या हॉर्नचा तो जाडा, घोगरा आवाज आळीतून घाटापर्यंत गेला. पोरीने कानांवर हात ठेविले आणि हसली. अण्णांनी चाक डावीकडे पुरते वळविले. शांतता. उजवीकडे वळविले. शांतता. मग ते खाली उतरले आणि म्हणाले, “आता हार घाला.” मिस्त्रींना त्यांनी नारळ आणि उपरणे दिले; मिस्त्रींनी उपरणे नातवाच्या खांद्यावर घातले.

वाचकहो, आपल्या दारी ट्रक नसेल, स्कूटर असेल, सायकल असेल. हार आणावयास जाण्यापूर्वी एकदा तिचा ब्रेक दाबून पाहावा, दिवा लावून पाहावा, घंटी वाजवून पाहावी. जे दुरुस्त व्हावयाचे ते आधी दुरुस्त करून घ्यावे. आपट्याचे सोने दसऱ्याला लुटावयाचेच आहे. सकाळची पहिली पूजा ही घडो.